एकशे सतरावा नमुना

दोनशे बारा नमुन्यांपैकी दोनशे अकरा पास झाले आणि एक नापास झाला, तेव्हा ती बाटलीतून पाणी पीत होती. समोरच्या पडद्यावर हिरव्या ओळींच्या रांगेत एक तांबडी ओळ उमटली. तांबड्या ओळीत नवल असं काही नव्हतं. गेले चार महिने ती रोज तांबड्या ओळीच निस्तरत होती. पण हिचा आकडा एकशे सतरा होता. पाणी भलतीकडे गेलं, जोराचा ठसका लागला, आणि पलीकडच्या टेबलावरून टेस्टर मान वर न करता म्हणाला, "सावकाश, ताई. पाणी कुठे पळून जात नाही." तिने बाटलीला झाकण लावलं. झाकण दोनदा आडवं बसलं. अकरा वर्षं तिने ज्या फाइलकडे बघायचं टाळलं, त्या फाइलने आज आपणहून तिला हाक मारली होती, आणि तीही सकाळी सव्वाअकराला, दिवे लागलेल्या, माणसांनी भरलेल्या खोलीत, जिथे तोंड लपवायला आडोसा म्हणून नव्हता.

काम सांगायला सोपं होतं. त्यांच्या कंपनीत श्वासाचा त्रास असलेल्या माणसांसाठी मशीनं बनत. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नाकातल्या नळीतून देणारी. मशीनं तऱ्हेतऱ्हेची, पण सगळ्यांच्या पोटात सी या संगणकाच्या भाषेतला एकच सामायिक कोड होता, बारा लाख ओळींचा, बारा टीमनी मिळून वाढवलेला. एकत्र कुटुंबातल्या फडताळासारखा: कोणी काय कुठे ठेवलंय हे कोणालाच धड ठाऊक नाही, आणि खालचं काढायला जावं तर वरचं अंगावर पडतं. या कोडमध्ये वेळ मोजणारे जेवढे व्हेरिएबल होते, त्या सगळ्यांचा टाइप तिला बदलायचा होता. टाइप म्हणजे डब्याचं माप. वेळ मोजायचा मिलिसेकंदांत, आणि जुन्या मापाच्या डब्यात दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस मिलिसेकंद मावत. म्हणजे चोवीस दिवस, वीस तास, एकतीस मिनिटं आणि वर थोडी चिल्लर. त्यापुढचा एक मिलिसेकंद आला की डबा फुटत नसे की सांडत नसे. तो निमूटपणे उणे आकडा दाखवू लागे. मोठा डबा घ्यायचा, एवढंच काम. पण एका ठिकाणी डबा मोठा केला की तो जिथे जिथे ओतला जातो तिथली सगळी भांडी बदलावी लागतात, आणि बारा लाख ओळींत कोण कोणात काय ओततंय हे शोधता शोधता माणसाचे केस पिकतात. तिचे पिकले होते. त्याला दुसरंही कारण होतं.

जुनं माप बावीस वर्षांपूर्वी तिनेच ठरवलं होतं. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती, नोकरीला लागून तीन महिने झाले होते, आणि सर्वांनी वापरायच्या सामायिक फाइलमध्ये एक ओळ लिहायचा मान तिला मिळाला होता. मशीनं तेव्हा फक्त इस्पितळांत असत. रोज सकाळी साफसफाईच्या वेळी बंद होत आणि पुन्हा चालू होत. चोवीस दिवस सलग कोण चालवणार? तिने ती ओळ लिहिली, सायंकाळी घरी जाऊन आईला सांगितलं की आज मी एक ओळ लिहिली ती सगळे वापरणार आहेत, आणि आई म्हणाली होती, "एकच? दिवसभरात?" पुढे मशीनं घरोघरी जाऊ लागली, आणि घरी पडलेल्या माणसाचं मशीन साफसफाईसाठी कोणी बंद करत नाही. ही गोष्ट बारा टीममधल्या कोणाच्याही डोक्यात आली नाही. तिच्याही आली नाही, आली तेव्हा उशीर झाला होता.

टेस्टर खुर्ची सरकवत तिच्या टेबलाशी आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, जगाचं ओझं वाहायला स्पष्ट नकार दिलेला माणूस. "एकच पडला ना? एकशे सतरा? मग झालं की काम. नवं उत्तर जुन्याच्या जागी चिकटवून देतो. दोन मिनिटं." यात त्याचं काही चुकत नव्हतं, सगळे तसंच करत. वापरून परत आलेल्या मशीनची मेमरी उतरवून घ्यायची, माणसाचं नाव पुसायचं, आणि ती फाइल नमुना म्हणून ठेवायची, ही त्यांची जुनी रीत. प्रत्येक नमुन्याशेजारी एक बरोबर उत्तर ठेवलेलं असे. कोडमध्ये काही बदललं की सगळे नमुने पुन्हा वाचायचे आणि निघालेलं उत्तर त्या बरोबर उत्तराशी जुळतं का ते पाहायचं. पण बरोबर उत्तर बरोबर आहे हे कोणी ठरवलं? खरी मेख तिथे होती. कोणीच ठरवलं नव्हतं. नमुना पहिल्यांदा ठेवताना प्रोग्रॅम एकदा चालवत, आणि जे छापून येईल त्याला बरोबर म्हणत. पुढे वर्षानुवर्षं ते स्वतःशीच जुळत राही आणि सगळे समाधानी असत.

"थांबा," ती म्हणाली. "आधी मी बघते."

"तुम्ही?" टेस्टरने चष्मा कपाळावर चढवला. "हा मागे दोनदा पडला होता तेव्हा तुम्ही मलाच सांगितलंत, तुम्ही बघा म्हणून. मी म्हटलं ताईंचं याच्याशी काही वाकडं आहे."

"आहे."

तो हसला, कारण त्याला ते विनोदाने म्हटलेलं वाटलं. "बघा मग. पण चार वाजता साहेब कोडला कुलूप लावणार आहेत, मग बदल बंद. बाराच्या बारा टीम वाट बघतायत. आज राहिलं तर पुढच्या तिमाहीत गेलं, आणि पुढच्या तिमाहीत कोण जगलंय." तो आपल्या जागी परतला आणि ती आपल्या टेबलाशी एकटी उरली. नवं उत्तर उघडायला एक कळ दाबायची होती. तिचं बोट कळीवर होतं. न बघता टेस्टरला हो म्हटलं असतं तर दोन मिनिटांत सगळं मिटलं असतं, चारला कुलूप लागलं असतं, साहेबांनी भाषण केलं असतं. अकरा वर्षं ज्या कामासाठी ती सगळ्यांच्या मागे लागली होती ते काम झालं असतं. तिने हे काम कशासाठी मागून घेतलं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. साहेब त्याला तुमचं ते वेळेचं खूळ म्हणत. खूळ नव्हतं ते. ते प्रायश्चित्त होतं, आणि प्रायश्चित्त घेणाऱ्याने पुन्हा गुन्ह्याच्या जागी जाऊन उभं राहावं असा काही नियम नाही, असं ती स्वतःला समजावत होती.

एकशे सतरा हे तिच्या सासऱ्यांचं मशीन होतं.

सासरे जन्मभर बस चालवणारे. फुप्फुसं गेली ती धुराने गेली की विड्यांनी, यावर घरात एकमत नव्हतं. इस्पितळात दोन फेऱ्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच असू द्या, दिवस भरत आलेत. तेव्हा तिने कंपनीत खटपट करून नवं मशीन मिळवलं, आणि एका रविवारी संध्याकाळी बरोबर सहा वाजता स्वतःच्या हाताने बटण दाबून चालू केलं. मशीन घुमू लागलं. सासऱ्यांनी कान दिला, जुन्या ड्रायव्हरने इंजिनाला द्यावा तसा, आणि म्हणाले, "गाडी चांगली आहे. ॲव्हरेज किती देते?" पुढे जो भेटायला येईल त्याला ते नळीकडे बोट दाखवून सांगत, आमच्या सूनबाईंनी बनवलंय हे. ती स्वयंपाकघरातून ऐकत असे. तिने बनवलं नव्हतं, एक ओळ लिहिली होती. पण ते सांगून त्यांचा आनंद कशाला घालवायचा? पंचवीस दिवस त्या घुमण्याच्या आवाजावर घर चाललं. मग एका गुरुवारी ती कामावरून साडेपाचला परतली तर दारातच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि काय चुकलंय हे कळायच्या आधी पायांना कळलं. आवाज नव्हता. आतल्या खोलीत सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या, सासऱ्यांचे हात छातीवर नीट ठेवलेले होते, आणि मशीन बंद होतं. "झोपेतच गेले," सासूबाई म्हणाल्या. नवरा आला, नातेवाईक आले, फोन झाले. मशीन कधी बंद झालं, कसं झालं, हे त्या गडबडीत कोणी विचारलं नाही. चौथ्या दिवशी नवऱ्याने ते पुसून खोक्यात घालून परत पाठवलं.

दोन आठवड्यांनी परत आलेल्या मशीनची मेमरी उतरवण्याची पाळी आली तेव्हा यादीतला मशीनचा क्रमांक तिने ओळखला. तिने त्या मेमरीचा अहवाल छापला. दर मिनिटाला एक ओळ, मिनिटाला श्वास किती, ऑक्सिजन किती. पानंच्या पानं. शेवटची ओळ होती चोवीस दिवस, वीस तास, एकतीस मिनिटांची. त्यानंतर कोरा कागद. रविवारी संध्याकाळी सहापासून चोवीस दिवस आणि साडेवीस तास म्हणजे गुरुवारी दुपारी अडीच. हा हिशेब करायला तिला कागद लागला नाही. तो आकडा तिला तोंडपाठ होता, तो तिच्या डब्याचा काठ होता. अडीचला डबा भरला, आकडा उणे झाला, मशीन गोंधळून थांबलं, कदाचित धोक्याची घंटाही वाजली नाही, आणि एक माणूस तिच्यावर विश्वास टाकून नळी नाकात घालून पडून राहिला. कॉपीच्या मशीनशी उभी असताना तिला ओकारी आली. शेजारची बाई म्हणाली, "काय गं, गोड बातमी की काय?"

तिने ते कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. पंपाच्या भागात असा घोटाळा होऊ शकतो अशी एक कोरडी चिठ्ठी तिने वर पाठवली आणि महिन्याभरात तेवढी दुरुस्ती सगळ्या मशीनांत झाली, त्यामुळे निदान इतरांच्या घरांची काळजी मिटली. खरोखर तसं झालं होतं का, हे बघायचं तर एक मशीन टेबलावर ठेवून आकडा हाताने काठापर्यंत ढकलून बघता आलं असतं. अर्ध्या तासाचं काम. तिने ते केलं नाही. इतरांच्या चुका बारा लाख ओळींतून हुडकून काढणारी ही बाई स्वतःच्या चुकीशी आली की डोळे मिटून घेई. गुन्हा कबूल करून टाकला की पुढचा तपास थांबतो, आणि तिने मनातल्या मनात तो केव्हाच कबूल केला होता. त्याची भरपाई ती घरात करत होती. सासूबाईंची औषधं, डोळ्यांची शस्त्रक्रिया, गुडघ्यांचं शेकणं; दर रविवारी त्यांना बागेत नेणं; त्यांनी काही उलट बोललं तर ऐकून घेणं. नवऱ्याला कधी कधी चमत्कारिक वाटे. "माझ्या आईशी मी भांडतो आणि तू भांडत नाहीस, हे कसं?" तो म्हणायचा. ती हसण्यावारी न्यायची. ज्या बाईच्या नवऱ्याचा जीव आपण घेतला तिच्याशी कसं भांडायचं?

साडेबारा झाले. खोलीतली माणसं जेवायला उठली, खुर्च्या वाजल्या, कोणीतरी तिच्या पाठीवर थाप मारून चल म्हणालं आणि ती येते म्हणाली. मग ती कळ दाबली गेली. तिने दाबली असं म्हणण्यापेक्षा बोट दमलं असं म्हणणं बरोबर होईल.

नवं उत्तर म्हणजे त्याच मेमरीचा नवा अहवाल, आणि तो जुन्यापेक्षा लांब होता. तिला आधी ते कळलंच नाही. ती थेट शेवटच्या पानावर काठाची ती ओळ शोधत होती आणि ती तिथे नव्हती. तिला वर सरकत जावं लागलं तेव्हा कुठे चोवीस दिवस, वीस तास, एकतीस मिनिटं सापडली. आणि तिच्याखाली बत्तीस मिनिटं होती. श्वास अठरा, ऑक्सिजन ठीक. तेहतीस मिनिटं. श्वास सतरा, ऑक्सिजन ठीक. ती ओळीमागून ओळ वाचत गेली. मशीन थांबलं नव्हतं. वेळेचा आकडा उणे झाला होता हे खरं, पण मशीनला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ते आपलं घुमत राहिलं होतं. थांबला होता तो अहवाल. अहवाल छापणारा भाग दुसऱ्या टीमचा, आणि त्या टीममधल्या कोणा शहाण्याने लिहून ठेवलं होतं की उणे वेळ असूच शकत नाही, सबब अशी ओळ खराब समजून टाकून द्यावी. त्या कोऱ्या कागदाला तिने मरण समजलं होतं. बाकीच्या दोनशे अकरा मशीनांपैकी एकही, इस्पितळातलं म्हणून म्हणा की मध्ये वीज गेली म्हणून म्हणा, चोवीस दिवस सलग चाललं नव्हतं, म्हणून त्यांच्या ओळी कधी गळल्या नाहीत आणि कोणाला शंका आली नाही. तिला यायला हवी होती. ती पुढे वाचू लागली.

घड्याळाच्या हिशेबाने दुपारी तीनपर्यंत अठरा, सतरा, अठरा. साडेतीनला चौदा. मग अकरा, मग नऊ, मध्येच तेरा, जणू चढावर गिअर बदलला. चारच्या सुमाराला सहा. चार वाजून सात मिनिटांनी शून्य. ऑक्सिजन ठीक. चार वाजून आठ मिनिटांनी धोक्याची घंटा चालू. चार वाजून नऊ मिनिटांनी घंटा बंद, बटण दाबून. त्यानंतर शून्य, शून्य, शून्य, प्रत्येक मिनिटाला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत ऑक्सिजन ठीक. चार वाजून एकावन्न मिनिटांनी मशीन बंद, बटण दाबून. इथे पान संपलं होतं. तिने ते पुन्हा वरून वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की आपण कितीतरी वेळ श्वास रोखून धरला आहे, आणि तो सोडल्यावर एवढा मोठा आवाज झाला की रिकाम्या खोलीत तिचं तिलाच हसू आलं. खांदे खाली आले. आपले खांदे वर होते हेच तिला ठाऊक नव्हतं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचा माणूस शिडीवर चढून काचा पुसत होता, आणि त्याचं ते काच पुसणं तिला इतकं सुंदर वाटलं की तिला भूक लागली. तिने पिशवीतून पाव काढला आणि उभ्या उभ्या खाल्ला.

टेस्टर जेवून परतला तेव्हा ती म्हणाली, "नवं उत्तर बरोबर आहे. ठेवा."

"मी तेच म्हणत होतो सकाळी."

"तुम्ही न बघता म्हणत होतात."

"ताई, न बघता बरोबर यायलाही अक्कल लागते," तो म्हणाला आणि कामाला लागला. तिने साहेबांना जाऊन सांगितलं की मला आज लवकर जायचंय, कुलूप तुम्हीच लावा. साहेब तिच्याकडे बघतच राहिले. अकरा वर्षं ज्याच्यासाठी त्यांचं डोकं खाल्लं त्या घटकेला ही बाई घरी निघाली होती. "सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "हो. अगदी ठीक आहे," आणि हे वाक्य खरं असण्याची सवय गेल्याने ते जरा मोठ्यानेच बोललं गेलं.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पहिले चार थांबे ती नुसती हलकी होऊन बसली होती. पाचव्या थांब्यावर तिच्या मनात शिरलं की बटण दोनदा दाबलेलं होतं. बोट कोणाचं होतं हे विचारायची गरज नव्हती. त्या दिवशी घरात सासूबाईंशिवाय कोणी नव्हतं. झोपेतच गेले, त्या म्हणाल्या होत्या. पण घंटा वाजली होती आणि एका मिनिटात कोणीतरी ती बंद केली होती, आणि मग बेचाळीस मिनिटं कोणाला फोन केला नव्हता. आता हे उकरून काढायचं की नाही? आपली मान सुटली म्हणून म्हाताऱ्या बाईची मान अडकवायची? गप्प बसण्याचा तिला अकरा वर्षांचा सराव होता, आणखी दहा वर्षं सहज बसता आलं असतं. पण घर जवळ आलं तसं तिला जाणवलं की गप्प बसायची तिची ताकदच गेलीय. दुपारच्या त्या एका उसाशाबरोबर ती निघून गेली असावी.

सासूबाई जेवणाच्या टेबलावर धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसल्या होत्या. एक्याऐंशी वर्षांच्या, ताठ कण्याच्या. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या आणि अजूनही समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायच्या. "लवकर आलीस. बरं नाही का?"

"बरी आहे. आई, एक विचारायचं होतं."

"मग विचार की. परवानगी कसली मागतेस?"

"बाबा गेले त्या दिवशी मशीन तुम्ही बंद केलंत ना?"

सासूबाईंच्या हातात एक करडा मोजा होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, हाताने सपाट केला. "हो," त्या म्हणाल्या. आणि मग, "तुला ठाऊकच होतं की."

"मला?"

"तुमच्याच कंपनीचं मशीन. तूच ह्यांना सांगितलं होतंस, त्यात सगळं लिहिलं जातं म्हणून, कोणतं बटण कधी दाबलं तेसुद्धा. परत गेलं तेव्हाच मी म्हटलं, आता ही वाचणार. रोज वाट बघायचे, आज विचारेल, उद्या विचारेल. तू काही विचारलं नाहीस. उलट जास्तच माया करायला लागलीस. तेव्हा मी समजले, हिने वाचलंय आणि पोटात घातलंय." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "त्याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. बोलायचं म्हटलं की ते सगळं आलंच."

ती खुर्ची ओढून बसली. अकरा वर्षं एका घरात, एका टेबलावर, दोघी एकमेकींच्या गप्प बसण्याचा भलताच अर्थ लावत जेवल्या होत्या. "काय ते सगळं?" तिने विचारलं.

"घंटा वाजली. मी इथेच होते, ह्यांच्याजवळ. ह्यांनी आदल्या आठवड्यात माझ्याकडून वचन घेतलं होतं, पुन्हा इस्पितळ नाही, छातीवर दाबादाबी नाही. मी घंटा बंद केली. कोणाला हाक मारली नाही. हात धरून बसले. आम्ही ऑपरेटर माणसं, पलीकडून कोणी बोलत नसलं तरी लाइन लगेच काढायची नसते, थोडं थांबायचं असतं. म्हणून थांबले. मग ते मशीन एकटंच चाललंय, चाललंय, ते ऐकवेना. बंद केलं." त्यांनी मोजा पुन्हा उचलला. "पण बंद केलं तेव्हा ते नक्की गेले होते ना, हे मला कधीच कळलं नाही. मी काय डॉक्टर आहे? हात गार होता. पण हात त्यांचे नेहमीच गार असायचे."

"आई, चार वाजून सात मिनिटांनी श्वास थांबल्याची नोंद आहे. तुम्ही मशीन बंद केलंत चार एकावन्नला. मधल्या प्रत्येक मिनिटाची ओळ आहे. मी आज वाचल्या, दोनदा वाचल्या."

"एकही श्वास नाही?"

"एकही नाही. ते घंटेच्या आधीच गेले होते. तुम्ही धरलात तो हात... ते गेलेले होते."

सासूबाईंनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या, कोणीतरी फोनवर लांबलचक निरोप सांगतंय आणि त्या उतरवून घेताहेत अशा. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी त्या करड्या मोज्यानेच पुसलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "बरं झालं गं." आणि मग एकदम त्यांचा आवाज पूर्वीच्या कामावरचा झाला. "आज वाचल्यास? म्हणजे इतकी वर्षं वाचलंच नव्हतंस?"

"नाही. म्हणजे, अर्धंच वाचलं होतं."

"मग विचारलं का नाहीस? तुला काय वाटत होतं?"

हे सांगणं तिला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. "मला वाटत होतं मशीन माझ्या चुकीने दुपारीच बंद पडलं. मला वाटत होतं बाबा माझ्यामुळे गेले."

सासूबाई तिच्याकडे अशा बघत राहिल्या की जणू ती परक्या भाषेत बोलली. "तुझ्यामुळे?" त्या म्हणाल्या. "अगं, त्यांची फुप्फुसं चाळणी झाली होती. तुझ्या मशीनने पंचवीस दिवस ओढले. शेवटच्या दिवशी सकाळी मला म्हणाले, गाडी मस्त चाललीय, पॅसेंजरच उतरायला आलाय." त्यांना हसू आलं, आणि हसताना खोकला आला, आणि तिने उठून पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे माझं शेकणं, डोळ्यांना थेंब घालणं, रविवारी बागेत नेणं, सगळं त्याच्यापायी?"

सुटकेच्या भरात हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. अकरा वर्षांची ती माया चुकीच्या समजुतीवर उभी होती, आणि समजूत तर दुपारी साडेबाराला कोसळली. आता खाली काय उरलं? "मला ठाऊक नाही," ती शेवटी म्हणाली. "सुरुवातीला त्याच्यापायी असेल. नंतरचं मला वेगळं काढता येत नाही."

"हं," सासूबाई म्हणाल्या. त्या उठल्या, गुडघ्यांवर हात देत स्वयंपाकघरात गेल्या, आणि दहा मिनिटांनी दोन कप चहा घेऊन आल्या. तिने एक घोट घेतला. चहा नेहमीसारखाच होता, दात शिवशिवावेत इतका गोड. असा चहा ती रोज संध्याकाळी, तोंड वाकडं न करता, शेवटच्या थेंबापर्यंत पीत आली होती. तिने कप खाली ठेवला.

"आई, तुमचा चहा फार गोड असतो."

सासूबाईंचा कप ओठांशी थांबला. "आजचा?"

"रोजचा."

"अकरा वर्षं?"

"त्याच्याही आधीपासून. पण आधी मी न पिता ओतून द्यायची."

सासूबाईंनी आपला कप बशीत ठेवला, तिचा उचलला आणि आत गेल्या. मोरीत चहा ओतल्याचा आवाज आला, पातेलं आपटल्याचा आला, नळ सुटल्याचा आला. सगळ्या जगाला गोड लागतो, हिलाच मेलीला जास्त होतो, आणि सांगायला तोंड नव्हतं का, असं त्या पातेल्याला सांगत होत्या. ती टेबलावर दोन्ही हात पसरून ऐकत बसली होती. तिला रडू येत होतं आणि फार बरं वाटत होतं, आणि दोन्ही लपवायची तिला गरज वाटली नाही.

"आणखी काय काय आवडत नाही, तेही सांगून टाक एकदाचं," सासूबाई आतून ओरडल्या.

ती आठवू लागली. यादी बरीच लांबणार होती.